बार्शी लाइटच्या वाटेवर कामाला येताय? आधी पाणी, मग दगड, रूळ सगळ्यात शेवटी

कुर्डुवाडीहून बार्शीकडे किंवा पंढरपूरकडे आज ब्रॉडगेजची गाडी जाते. खिडकीशी बसून बाहेर नीट बघत राहिलात, तर मध्येच कुठेतरी रुळांपासून फटकून शेतात शिरणारा एखादा बुटका भराव दिसतो. कुठे काळ्या दगडाची छोटी मोरी दिसते, वर रूळ नाहीत आणि खाली पाणीही नाही. बार्शी लाइट म्हणतात त्या जुन्या छोट्या रेल्वेच्या या खुणा. आमच्या आजोबांच्या पिढीने तिच्यातून वारी केली, बाजार केला, लग्नाची वऱ्हाडं नेली.

या खुणा जपायच्या म्हणून दर हिवाळ्यात सोलापूर, बार्शी, माढा, पंढरपूर भागातली नवी मंडळी विचारायला येतात. कॉलेजची मुलं असतात, निवृत्त शिक्षक असतात, गिरणीत आयुष्य गेलेले काका असतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो : गाडी परत कधी धावणार? उत्साह खरा असतो आणि तो मोडायचा नाही. पण गाडी धावणं आपल्या हातात नाही. प्रवासी गाडीसाठी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते आणि जमीन, रूळ, डबे सगळं सरकारचं आहे. आपल्या हातात आहे ते म्हणजे उरलेला भराव, मोऱ्या आणि भिंती पुढच्या पावसाळ्यात ढासळू न देणं. नवीन येणाऱ्यांनी काय करावं आणि कोणत्या क्रमाने करावं, ते इथे लिहितो आहे. क्रम महत्त्वाचा आहे.

एवढा इतिहास माहीत हवाच

मुंबईहून येणारा मोठा मार्ग १८६० साली सोलापूरपर्यंत पोचला, पण कापसाची पेठ असलेली बार्शी त्यापासून लांब राहिली. कुर्डुवाडीच्या स्टेशनचं नाव तेव्हा बार्शी रोड. तिथून बार्शीपर्यंतचा माल बैलगाड्यांनी जायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने या साधारण ३५ किलोमीटरवर २ फूट ६ इंची, म्हणजे ७६२ मिलिमीटर गेजची (दोन रुळांमधलं अंतर) रेल्वे बांधली. ती १८९७ मध्ये सुरू झाली. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरज जोडलं गेलं. सगळी मिळून सुमारे ३२५ किलोमीटरची लाइन झाली. १९५४ मध्ये ती सरकारने घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली.

कॅलथ्रॉपची खरी करामत आकड्यात आहे. कुठल्याही ॲक्सलवर (चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर) ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही आणि तो भार सगळ्या ॲक्सलवर सारखा वाटायचा, हा त्याचा नियम. त्यामुळे यार्डाला ३० पौंडांचे, म्हणजे मीटरला जेमतेम १५ किलोचे रूळ पुरले. आज मुख्य मार्गावर मीटरला ६० किलोचा रूळ असतो. इतक्या हलक्या रुळांवर लातूरचं धान्य आणि आषाढीची गर्दी वाहून नेली, ती खालचा भराव पक्का होता म्हणून. हाच माणूस पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचा पॅराशूट घडवत होता. जीव वाचवणाऱ्या यंत्रांचं त्याला वेड होतं, आणि मला तो माणूस त्यासाठीही आवडतो.

जमिनीवर पाय ठेवण्याआधी

लाइन बंद पडली म्हणून जमीन बेवारस झाली, असं होत नाही. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ प्रमाणे गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे तिथली वस्तू उचलणं. गंजलेली फिशप्लेट (दोन रूळ सांधणारी पट्टी), एखादा डॉग स्पाइक (रूळ धरून ठेवणारा खिळा) ‘आठवण म्हणून’ खिशात टाकला तरी तो रेल्वे मालमत्तेच्या १९६६ च्या कायद्यात बसतो. नवीन माणसाला हे पहिल्या दिवशी सांगावं लागतं, कारण प्रेमापोटीच हात जातो.

म्हणून आधी जागा ठरवा, मग ती कुणाची आहे ते काढा. गावाच्या तलाठ्याकडे किंवा सरकारच्या महाभूलेख वेबसाइटवर गट नंबर टाकून सातबारा बघा. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा घ्या. त्यावर रेल्वेची पट्टी लांबलचक आणि अरुंद दिसते, दोन्ही बाजूंचे गट तिला येऊन तुटतात. काही ठिकाणी पट्टी रेल्वेच्याच नावावर असते, काही ठिकाणी प्रत्यक्षात शेजारच्या शेतकऱ्याची वहिवाट पडलेली असते. अशा जागी कागद दाखवून वाद घालायला जाऊ नका. आपण हद्द सोडवायला आलेलो नाही. शेतकऱ्याला भेटा, चहा घ्या, मोरी साफ झाली तर त्याच्या रानातलं साचलेलं पाणी निघेल हे समजावून सांगा. ते खरंही असतं.

कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर, लातूर हा पट्टा मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागात येतो. परवानगीचा अर्ज सोलापूरच्या डीआरएम (विभागीय रेल्वे व्यवस्थापक) ऑफिसला, इंजिनिअरिंग विभागाच्या नावे करावा. अर्जात गावाचं नाव, गट नंबर, नेमकं काम, किती माणसं, कोणत्या तारखा आणि जबाबदार व्यक्ती कोण, एवढं स्पष्ट लिहा. ‘वारसा संवर्धन करू इच्छितो’ असं मोघम लिहिलेला अर्ज टेबलावरच राहतो. ‘अमुक मोरीच्या तोंडातला गाळ काढणे, दगडाला हात न लावणे’ असं लिहिलेल्या अर्जाला उत्तर देणं साहेबालाही सोपं जातं. चालू ब्रॉडगेज रुळाजवळ काम असेल तर रेल्वेचा माणूस हजर असल्याशिवाय एक घमेलंही उचलू नका. आणि बार्शीच्या पुढे येडशीजवळ रामलिंग घाटात जायचं असेल, तर तो अभयारण्याचा भाग आहे. तिथे वनविभागाची परवानगी वेगळी लागते.

ओळ वाचायला शिकणं

पहिले एक-दोन रविवार कुदळ हातात घेऊ नये. नुसतं चालावं आणि बघावं.

शेताचा बांध, गाडीवाट आणि रेल्वेचा भराव वरवर सारखे वाटतात. फरक वळणात आहे. बांध काटकोनात वळतो, गाडीवाट झाड आलं की बाजूला सरकते. रेल्वे तसं करूच शकत नाही. तिचं वळण लांबवर हळूहळू जातं आणि चढ तर डोळ्याला जाणवत नाही इतका सावकाश असतो. जमीन खाली गेली की भराव उंच होतो, जमीन वर आली की तीच ओळ खोदाईत शिरते. उपग्रहाच्या चित्रात ही वळणं उन्हाळ्यात, रानं मोकळी असताना, फार छान दिसतात. सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या नकाशांवर नॅरोगेज वेगळ्या खुणेने दाखवलेली असते, तो नकाशा शेजारी ठेवून बघा.

एक गोष्ट लक्षात असू द्या. बऱ्याच ठिकाणी ब्रॉडगेज जुन्या वाटेवरूनच गेली, तिथे जुनं काही शोधण्यात अर्थ नाही. जिथे नवा मार्ग वळवला तिथे खुणा शिल्लक आहेत. जुनी लाइन उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, बाजूला ठेवून येडशीवरून जायची. नवीन मार्ग ते शहर घेण्यासाठी वळवला. त्यामुळे त्या बाजूचा जुना भराव नुसता पडून राहिला. पडून राहिला म्हणूनच तो वाचला.

हंगाम आणि पिशवी

आपल्याकडे कामाचा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून सकाळी दहानंतर उघड्या भरावावर माणूस उभा राहू शकत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा फक्त कागदाचं काम करावं.

पायात जाड तळव्याचे बूट हवेत, चपला अजिबात नकोत. वेडी बाभूळ सगळीकडे माजलेली आहे आणि तिचा काटा टायरसुद्धा पंक्चर करतो. चामडी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, डोक्याला आपला सोलापुरी टॉवेल, माणशी किमान चार लिटर पाणी. जेवणाला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी न्यावी. दुपारपर्यंत खराब होत नाही, तेलकट नाही, आणि कुणाला डबा गरम करायची भानगड नाही.

दगडांच्या फटीत आणि गवतात घोणस, नाग, फुरसं असू शकतं. दगड उचलण्याआधी काठीने हलवा, पहारीने आपल्या विरुद्ध बाजूने उघडा, फटीत हात घालू नका. चावलंच तर तिथे चिरा देणं, रक्त चोखणं, करकचून बांधणं यातलं काहीही करायचं नाही. माणसाला शांत झोपवा, तो अवयव हलू देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा सरळ गाडीत घालून सरकारी दवाखान्यात न्या. सापावरची लस तिथे मिळते. काम सुरू होण्याआधीच जवळचा दवाखाना किती लांब आहे, गाडी कुणाची आणि किल्ली कुणाकडे, हे सगळ्यांना माहीत पाहिजे.

आधी नोंद, मग हात

कोयता चालवण्याआधी प्रत्येक मोरी, भिंत, खांब आहे तसा टिपून घ्या. फोटोत मापाची पट्टी ठेवा, नसेल तर रंगवलेली एक मीटरची काठी चालते. एक फोटो वरच्या अंगाने, एक खालच्या, एक आतून, एक लांबून. सोबत ठिकाणाचे अक्षांश-रेखांश, तारीख आणि कुणी काढला त्याचं नाव. वहीत हाताने एक कच्चं चित्र काढा, मोरीची रुंदी, उंची, दगडाचे थर किती ते मोजून लिहा. मोबाईलमधला फोटो हरवतो, वही टिकते. या वह्यांची एक प्रत डीआरएम ऑफिसला आणि एक गावच्या ग्रामपंचायतीला द्यायची पद्धत ठेवा.

कुठे जुना रूळ कुंपणाला किंवा खांबाला उभा केलेला सापडतो. त्याच्या मधल्या पट्ट्यावर बनवणाऱ्याचं नाव आणि साल उठावाच्या अक्षरात असतं. गंजाने ते दिसेनासं होतं. दुपारी कितीही डोळे ताणले तरी वाचता येत नाही. सकाळी कोवळं ऊन तिरपं पडतं तेव्हा त्यावर खडू आडवा फिरवा, उठलेली अक्षरं पांढरी होतात आणि खोलगट भाग तांबडा राहतो. तेवढ्यात फोटो घ्या. ग्राइंडरने घासून ‘स्वच्छ’ करू नका, अक्षरं कायमची जातील.

पाणी

आता मुख्य काम. नव्या माणसाला वाटतं, जुन्या लाइनचा शत्रू म्हणजे गंज आणि भंगारवाले. माझं मत वेगळं आहे. भराव मरतो तो पाण्याने. नेरळ–माथेरानची गाडी आजही चालू असलेली, रेल्वेच्या देखभालीतली लाइन आहे. तरी २०१९ च्या पावसाने तिचा मार्ग असा उखडला की पूर्ण गाडी परत सुरू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. मग जिच्याकडे पंधरा-वीस वर्षं कुणी बघितलेलं नाही, तिचं काय होत असेल?

आपल्या भागाची अडचण दुहेरी आहे. पाऊस एकूण कमी, पण सप्टेंबरातला परतीचा पाऊस एका रात्रीत ओढे भरून वाहवतो. आणि खाली काळी माती. ती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून पुढच्या वर्षीचं पाणी थेट भरावाच्या पोटात उतरतं. वरून भराव धडधाकट दिसतो, आत तो दरवर्षी थोडा थोडा सुटत असतो.

आमच्याबरोबर कधी कधी एक निवृत्त मुकादम येतात. आयुष्य रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये गेलं. पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही त्यांना उत्साहाने रुळांखालचे उरलेले स्लीपर दाखवत होतो. ते तिकडे वळलेही नाहीत. मोरीच्या वरच्या बाजूला जाऊन उकिडवे बसले, बोटाने गाळ उकरला आणि म्हणाले, “पोरांनो, पाणी कुठनं येतंय ते आधी बघा की. रूळ काय, कधीबी टाकता येतंय.” आमच्या सगळ्या कामाचा क्रम त्या दिवसापासून तसा आहे.

करायचं काय ते सांगतो. भरावाच्या दोन बाजूंपैकी जी उंच रानाकडची, तिथे पाणी येऊन थांबतं. त्या अंगाला पायथ्याशी पूर्वी चर असायचा. तो बुजलेला असतो, पण गवताच्या रंगावरून ओळखू येतो, तिथलं गवत डिसेंबरातही हिरवं असतं. हा चर शोधून मोरीच्या तोंडापर्यंत मोकळा करायचा. नवीन खोदायचा नाही, जुन्याचाच तळ गाठायचा. गाळ मऊ आणि एकसारखा लागतो, जुना तळ लागला की मुरमावर टिकाव खणकन वाजतो. तिथे थांबा. भरावाच्या पायाजवळ अजून खोल गेलात तर आधारच काढून घ्याल.

मग मोरी. खालच्या बाजूकडून सुरुवात करा, वरच्या बाजूने नको. वरचं तोंड आधी उघडलं आणि खालचं बंद राहिलं, तर पहिल्याच पावसात पाणी आत कोंडतं. काढलेला गाळ भरावावर टाकायचा नाही, शेतकऱ्याला विचारून त्याच्या रानात टाकायचा. तो आनंदाने घेतो. मोरीच्या आत माणूस घालण्याआधी छताचे दगड खालून उजेड टाकून बघा. एक जरी दगड खाली लोंबत असेल तर आत कुणी जायचं नाही, लांब दांड्याच्या फावड्याने बाहेरूनच काम करायचं.

बाजूच्या भिंतींमध्ये ठरावीक अंतरावर लहान चौकोनी भोकं ठेवलेली असतात. बऱ्याच जणांना वाटतं दगड पडलाय आणि ते बुजवायला निघतात. ती मुद्दाम ठेवलेली आहेत. भिंतीमागच्या मातीतलं पाणी तिथून पाझरतं. ती बंद झाली की पाणी भिंतीला मागून ढकलतं आणि एके दिवशी अख्खी भिंत पोट काढते. लोखंडी सळई हलक्या हाताने आत फिरवून, माती ओढून ही भोकं मोकळी करा. सळई ठोकू नका. आम्ही एका मोरीचं असं भोक डिसेंबरच्या कोरड्या दिवसात उघडलं, तर आतून चहाच्या रंगाचं पाणी बराच वेळ ठिपकत राहिलं. पावसाळा संपून दोन महिने झाले होते आणि एवढं पाणी भिंतीमागे साठून होतं.

भरावाच्या उतारावरचं गवत मात्र खरवडायचं नाही. ‘साफसफाई’ म्हटलं की नवीन मुलं सगळं तासून काढतात, फोटोत छान दिसतं. पण त्या गवताच्या मुळांनीच माती धरून ठेवलेली असते. काढायची ती वेडी बाभूळ. तीही नुसती वरून छाटली तर चार महिन्यांत दुप्पट फुटते. लहान रोप असेल तर जमिनीखाली वीतभर उकरून बुडखा काढा. मोठं झाड भरावाच्या उतारावर असेल तर मुळासकट उपटू नका, खड्डा पडेल. ते कापायचं, आणि फुटवा येईल तसा दर दोन-तीन महिन्यांनी खुडत राहायचं. कडुलिंब, साधी बाभूळ, बोर यांना हात लावायचा नाही. मोठं झाड तोडायला वेगळी परवानगी लागते, तेही लक्षात ठेवा.

आणि पावसाळ्यात किमान एकदा जा. काम करायला नाही, बघायला. पाऊस ओसरल्यावर, ओढ्यापासून सुरक्षित अंतरावर उभं राहून पाणी कुठून येतं, कुठे अडतं, कुठे भरावाला चाटतं ते टिपा. हिवाळ्यात चार रविवार डोकं खाजवून जे कळत नाही ते तिथे दहा मिनिटांत दिसतं.

दगड आणि चुना

या मोऱ्यांचा दगड आपलाच काळा बेसाल्ट. त्यावर छिन्नीचे तिरपे टवके दिसतात, एकेका पाथरवटाचा हात वेगळा ओळखू येतो. जोडणी चुन्याची असते. पूर्वी आपल्याकडे काळ्या मातीत सापडणाऱ्या चुनखडीच्या गोट्या भाजून चुना करत आणि चुन्याच्या घाण्यात मळत.

दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, उघड्या पडल्या म्हणून सिमेंट भरू नका. ही विनंती नाही, अट आहे. सिमेंट कडक आणि बंद असतं, त्यातून पाणी बाहेर पडत नाही. ते पाणी शेजारच्या मऊ चुन्यात आणि दगडात जिरून त्यांनाच फोडतं. वरून पाच वर्षं चकाचक, आतून पोकळ. चुना थोडा वाकतो, श्वास घेतो, भिंत हलली तर बारीक भेगा पुन्हा धरतो.

कृती अशी. सुटलेला चुना लाकडी किंवा बारीक लोखंडी काडीने साधारण इंचभर खोल काढा, ब्रशने धूळ झाडा, मग पाणी मारून दरज ओली करा. एक भाग मुरवलेला चुना, दोन ते अडीच भाग धुतलेली चाळलेली वाळू, ओलीच्या जागी थोडी विटांची सुरखी. पाणी कमीत कमी. गोळा हातात दाबला तर आकार धरला पाहिजे, बोटांना ओघळता कामा नये. थापीने आत दाबून भरा, दगडाच्या तोंडापासून किंचित आत ठेवा. नंतर ओलं गोणपाट लावून किमान आठवडाभर ओलं ठेवायचं. आपल्या हवेत हेच सगळ्यात जास्त चुकतं. रविवारी भरलं आणि सोमवारी सगळे घरी गेले की मंगळवारी तो चुना भुगा झालेला असतो. पाणी मारायला गावातला माणूस ठरवल्याशिवाय दरज भरायला घेऊ नका, त्याला त्याचा रोज द्या.

कळीचा चुना विझवणं नवीन माणसाचं काम नाही. तो पाण्यात टाकला की उकळतो, उडतो, डोळ्यात गेला तर डोळा जातो. तयार मुरवलेला चुना घ्या किंवा जाणत्या गवंड्याकडून करून घ्या, आणि तो हाताळतानाही चष्मा नि हातमोजे लावा. जागेवरून हललेला दगड परत बसवायचा असेल तर सोलापुरातल्या वडार समाजातल्या जुन्या कारागिरांना बोलवा. काळा दगड कसा बसतो हे त्यांच्या हातात आहे. आपण त्यांचे मदतनीस व्हायचं, आणि मजुरी घासाघीस न करता द्यायची.

दगडात पिंपळ किंवा वड रुजला असेल तर तो ओढून काढायचा मोह आवरा. मूळ चार दगड सोबत घेऊन येतं. बुंधा कापा, नवीन पालवी खुडत राहा, मूळ वाळलं की मग फट चुन्याने भरा.

शेवटी रूळ

भराव आणि मोऱ्या दोन पावसाळे न हलता राहिल्या, तरच रुळाचा विषय काढावा. तोही परवानगी असलेल्या जागेवर, दाखवण्यापुरत्या छोट्या तुकड्यावर. इंग्लंड-वेल्समध्ये स्वयंसेवकांनी आख्ख्या लाइनी उभ्या केल्या. टॅलिलिन १९५१ पासून चालते, आणि बार्शी लाइटच्याच गेजची वेल्शपूल–लॅनफेअर १९६३ मध्ये पुन्हा सुरू झाली. तिकडे जमीन आणि रूळ त्या संस्थांच्या ताब्यात आले म्हणून ते जमलं. आपल्याकडे छोटा तुकडा नीट झाला तरी शाळेच्या सहली येतील, आणि तेवढ्यासाठीही मी जीव लावायला तयार आहे.

मीटरला १५ किलोचा धरला तरी १० मीटरचा रूळ १५० किलोचा होतो. उचलायला आठ माणसं, सगळी एकाच बाजूला, आणि हाळी देणारा एकच. दुसऱ्या कुणी तोंड उघडायचं नाही. ठेवताना बोटं खाली नाहीत हे तो बघतो, मग हाळी.

खडी क्रशरची, टोकदार. नदीचे गोटे घसरतात. स्लीपर लाकडी असेल तर हातोडीने ठोकून ऐका, खणखणीत वाजला तर चांगला, भद्द आवाज आला तर आतून कुजलेला. एक रूळ आधी सरळ रेषेत पक्का करा, मग गेजबार (रुळांमधलं अंतर मोजायचा दांडा) लावून दुसरा त्याच्यापासून आतल्या कडेला ७६२ मिलिमीटरवर बसवा. डॉग स्पाइक उभा ठोका, तिरका गेला तर काढून भोक लाकडी खुंटीने बुजवून परत ठोका. दोन्ही रूळ एका पातळीत आहेत का ते लेव्हल ठेवून बघा. वळणावर बाहेरचा रूळ किती उचलायचा हे रेल्वेच्या जाणत्या माणसाशिवाय ठरवू नका.

सांध्यातली फट फार जणांना समजत नाही. पोलाद तापलं की वाढतं. १० मीटरचा रूळ ५० अंशांच्या फरकाने जवळजवळ ६ मिलिमीटर वाढतो, आणि आपल्याकडे जानेवारीची पहाट ते मे महिन्याच्या उन्हातला रूळ यांच्यात तेवढा फरक सहज पडतो. थंडीच्या सकाळी रूळ एकमेकांना भिडवून फिशप्लेट आवळली, तर मे महिन्यात लाइन सापासारखी वाकलेली मिळेल. थंडीत ६ मिलिमीटरची पत्र्याची पट्टी मध्ये ठेवून सांधा जोडा, बोल्टना ग्रीस लावा, मग पट्टी काढा.

पहिला पावसाळा गेला की दिवाळीनंतर सगळं परत मोजा : गेज, पातळी, प्रत्येक सांध्याची फट. पातळी जिथे बसलेली दिसेल तिथे लगेच खडी भरायला धावू नका. त्या जागेच्या वरच्या अंगाचा चर आणि भिंतीतली भोकं तपासा, तुंबलेली असतील तर मोकळी करा, माती सुकायला पंधरा दिवस द्या, आणि त्यानंतर रूळ उचलून खाली खडी ठासा.